मनगटावरचा केवडा

घोडीच्या पोटाबाहेर, काचेच्या ताटलीत घोड्याचा गर्भ वाढवायची नोकरी मला लागली आहे, हे मी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिनं हातातली काडी मोडली, मान वर केली आणि विचारलं, "काहून? पोटाले काय झालं?"

पुढे मला बऱ्याच शिकलेल्या माणसांनी बरेच प्रश्न विचारले. इतका नेमका कुणाचाच नव्हता. पण तेव्हा मला वाटलं, बिचारीला विज्ञान काय कळणार. मी हसलो. ती परत मेथीकडे वळली आणि म्हणाली, "हास बापा. तुले नोकरी लागली ना, मंग झालं."

मी जनावरांचा डॉक्टर. तोवरची माझी प्रसिद्धी एवढीच होती, की एका म्हशीला 'ही गाभण नाही' असं मी सही करून लिहून दिलं आणि चौथ्या दिवशी ती व्याली. मालकानं रेडकाला माझं नाव ठेवलं. त्या गावावरून जाताना कुणी मला हाक मारली की मी वळून बघायचो नाही, कारण हाक बहुतेक त्यालाच असायची.

अशा माणसाला मॅडमनी कामावर घेतलं, ही त्यांची पहिली चूक. मॅडम मूळच्या यवतमाळच्याच. परदेशात घोड्यांच्या गर्भावर शिकून आल्या होत्या. त्यांच्या वडिलांची लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक शेड रिकामी पडली होती, आणि घोड्यांचा शौक असलेल्या बाहेरगावच्या एका शेठजींनी यंत्रं आणि आपल्या घोड्याचं गोठवलेलं वीर्य देऊ केलं होतं. शेडमध्ये काचेची एक खोली उभी राहिली, तिच्यात सूक्ष्मदर्शक आणि इन्क्युबेटर आला. गायींच्या गर्भाचं काम मी वर्षभर एका ठिकाणी केलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी त्या इन्क्युबेटरचा राखणदार झालो. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "गाय विसरून जा. घोडी म्हणजे गाय नाही."

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

शेडच्या शेजारी कापसातून सरकी वेगळी काढायचं जिनिंग होतं. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. कधी बोंडअळी, कधी भाव, कधी दोन्ही. जिनिंग आठवड्यातून चार दिवस चालायचं नि तीन दिवस गप्प असायचं. चाललं की हवेत रुईचे तंतू तरंगायचे. आम्ही दाराला फिल्टर लावले, पडदे लावले, तरी ते कुठून तरी यायचेच. सगळा एमआयडीसी हंगामभर शिंकायचा. ही शिंक लक्षात ठेवा. माझं सगळं पाप तिच्याखाली लपलं.

काचेच्या खोलीच्या दारावर मी स्वतःच्या हातानं, तीन रंगांच्या मार्करनं एक पाटी लिहिली होती: 'अत्तर, सेंट, पावडर, वासाचं तेल लावून आत येऊ नये. अगरबत्ती लावू नये.' हा नियम मॅडमचा. गर्भ ज्या थेंबात वाढतो त्या थेंबावर तेलाचा पातळ थर असतो. हवेतला वास त्या तेलात मुरतो आणि आतल्या जिवाला बाधतो. पाटी लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघितलं होतं. अक्षर फार सुंदर आलं होतं.

आता चाचांबद्दल सांगायला हवं.

यवतमाळात लग्नाच्या वरातीला घोडी हवी असली की लोक चाचांकडे जायचे. चाचा मूळचे पिंजारी. पिंजणीवर कापूस पिंजून रजया, गाद्या भरायचे. फोमच्या गाद्या आल्या आणि ते काम जवळजवळ थांबलं. उरली ती पांढरी घोडी. तिला ते 'बेटी' म्हणायचे, चाचीही 'बेटी'च म्हणायची. दुसरं मूल घरात नव्हतं.

ही घोडी गावात प्रसिद्ध होती ती उभी राहण्यासाठी. तिच्या कानाशी फटाक्यांची लड लावा, बँडवाला तिच्या तोंडावर क्लॅरिनेट वाजवो, वर बसलेला नवरदेव भीतीनं थरथरो, ती खांबासारखी उभी राहायची. चाचांचं त्यामागे एक गणित होतं. नवरदेव घोडीवर चढायच्या आधी चाची एका छोट्या कुपीतून केवड्याच्या अत्तराचं एक बोट नवरदेवाच्या मनगटावर लावायची आणि एक बोट घोडीच्या कपाळावर. "नाकाले ओळख झाली की ती समजते, हा आपलाच मानूस हाये," चाचा म्हणायचे. "मंग आभाळ पडलं तरी हलत नाही." त्यांच्या सासऱ्यांपासून चालत आलेली ही रीत होती, म्हणून कुपी चाचीच्या ताब्यात.

ती घोडी आता म्हातारी झाली होती. तीन वेळा घोडा दाखवून झाला होता. गर्भ राहायचा, आणि महिन्याभरात पाण्यासारखा निघून जायचा. पिशवीच सैल झाली होती. म्हणजे पोटाला काय झालं, याचं उत्तर आईला मी तेव्हा देऊ शकलो असतो.

मॅडमना अशीच घोडी हवी होती: बीज शाबूत, पोट थकलेलं. मी चाचांकडे गेलो.

"म्हंजे पिल्लू हिचं, पन पोट दुसरीचं?" चाचांनी विचारलं.

"हो. बोरी अरबकडच्या एका तांड्यावरून आणलेली तरणी घोडी आहे आमच्याकडे. लाल. तिच्या पोटात वाढेल."

"आन् बाप?"

"शेठजींचा घोडा."

चाचांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "डॉक्टर साब, घोड्या बाजारात लय भेटतात. पांढरी पाह्यजे, पांढरी घ्या. पन अशी उभी राहनारी नाही भेटत. ही गेली ना, तं हे उभं राहनं बी हिच्यासंग गेलं. तेवढं वाचवता येत असीन तं पाहा."

एवढंच मागणं होतं. मी म्हणालो, "वाचवू." शास्त्रज्ञानं असं बोलू नये, असं मॅडम मागाहून म्हणाल्या.

काम अवघड होतं. गायीच्या बीजकोशात सुई घातली की बीजं सहज निघतात. घोडीचं बीज आतल्या भिंतीला असं चिकटून असतं, जशी सरकी रुईला. नुसतं ओढून येत नाही. पुन्हा पुन्हा पाणी सोडायचं, सुईनं आतून खरवडायचं, पाणी परत ओढायचं. एका अर्थानं शेजारच्या जिनिंगमधलंच काम, फक्त सरकी डोळ्यांना दिसत नाही. घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. मॅडम सुई धरून, मी नळीवर, आणि चाचा तिच्या तोंडाशी उभे राहून कानात पुटपुटत होते. ती हलली नाही. तसूभरही नाही. मीच एकदा नळी उलटी जोडली आणि पाणी माझ्या शर्टावर आलं.

पाच बीजं मिळाली. एक दिवस मऊ उबेत ठेवून ती पिकवली. तीन पिकली.

चाचांनी पुढचं विचारलं तेव्हा चाची तिथेच भाकरीचं पीठ मळत होती. त्यामुळे मी जरा अडखळलो. घोड्याचं वीर्य ताटलीत बीजाशेजारी सोडलं तर आपण होऊन आत शिरत नाही, ही घोड्यांची जुनी खोड. कसं सांगायचं?

"असं समजा चाचा, नवरदेव मांडवापर्यंत येतो, पण घोडीवरून उतरायलाच तयार नाही."

"मंग?"

"मग मॅडम त्याला काचेच्या सुईत धरून उचलतात, आणि थेट बोहल्यावर नेऊन ठेवतात."

चाची पिठावरून मान न उचलता म्हणाली, "हमारे वाले को भी उसके मामू ने ऐसाच उतारा था."

चाचांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिन्हींपैकी दोन बीजांचे गर्भ झाले आणि फुटू लागले. एकाचे दोन, दोनाचे चार. आता सात-आठ दिवस त्यांना इन्क्युबेटरमध्ये सांभाळायचं होतं. अंगाएवढी ऊब, मोजून दिलेली हवा, आणि खुराकात साखर किती ते दिवस बघून. माझं काम आयाबाईचं. अडचण एकच: लाइट. तेव्हा लोडशेडिंग इतकं असायचं की लाइट आली की लोक शेजाऱ्याला सांगायचे. आमच्याकडे बॅटऱ्या होत्या, पण त्यांचाही जीव ठरावीक तास.

हे ऐकून चाचांनी विचारलं, "थंडी लागते का त्यायले?"

"लागते. मरतात."

दुसऱ्या दिवशी चाचा इन्क्युबेटरच्या मापाची रजई घेऊन आले. चारी बाजूंनी बसेल अशी, मागे हवेच्या भोकांची जागा सोडलेली, वर बंदांच्या गाठी. मॅडम दचकल्या. "कापूस? माझ्या लॅबमध्ये? आम्ही इथे एकेका तंतूशी भांडतो आहोत!" चाचांनी रजई उलटून दाखवली. आत तीन पदरी मलमल, बाहेरून रेक्झिनची खोळ, शिवणीवर मेण. एक तंतू सुटेना. लाइट गेल्यावर आम्ही ती चढवली. इन्क्युबेटरच्या काट्यानं बराच वेळ जागा सोडली नाही. बाजारात कापसाला कुणी विचारत नव्हतं, आणि इथे मॅडम त्या रजईवरून हात फिरवत होत्या.

तिसऱ्या दिवशी दोन्ही गर्भ झकास होते. मला राहवलं नाही. मी सायकल काढली आणि चाचांच्या घरी बातमी द्यायला गेलो. बातमी म्हणजे काय, तर 'चाराचे आठ झाले.' चाचीनं शेवयांची वाटी पुढे केली. निघताना म्हणाली, "खुशखबर लाया बेटा, सूखे हाथ कैसे जाएगा?" आणि कुपी उघडून माझ्या मनगटावर केवड्याचं बोट ओढलं. नवरदेवाला लावतात तसं. मीही नवरदेवासारखाच बाहेर पडलो. रस्त्यात एकदा शिंकलो. अत्तरानं मला लहानपणापासून शिंका येतात.

संध्याकाळी शेडवर पोचलो. हात धुतले, हातमोजे चढवले, सुंदर अक्षरातली पाटी ओलांडली आणि इन्क्युबेटर उघडला. गरज नव्हती. ताटली सकाळीच बघून झाली होती. पण मला ते आठ परत एकदा बघायचे होते. सूक्ष्मदर्शकावर वाकलो आणि दोनदा शिंकलो. जिनिंग चालू होतं. मी रुईला शिवी दिली आणि आणखी खाली वाकलो.

दोन दिवसांनी मॅडमनी बघितलं. दोन्ही गर्भ आठावरच थांबले होते. पुढे गेलेच नाहीत.

"असं होतं," मॅडम म्हणाल्या. "या टप्प्याला पुष्कळ थांबतात. शंभर कारणं असतात."

मी पडल्या चेहऱ्यानं घरी आलो, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, जेवायला बसलो. आईनं ताट वाढताना घड्याळ बाजूला सरकवलं, थबकली आणि त्याचा कातडी पट्टा नाकाशी नेला.

"कोनाच्या लग्नाले गेलता रे?"

"कुणाच्याच नाही."

"मले सांगतलं बी नाही. केवडा लावला होता ना त्यायनं? पट्ट्यात मुरला हाये पुरा."

माझा घास तिथेच राहिला. हात धुतले होते मी, पण पट्टा? पट्टा माझ्या मनगटावर, हातमोज्याच्या काठाशी, उघड्या ताटलीपासून चार बोटांवर होता. शंभर कारणांतलं एक कारण माझ्या टेबलावर पडून दरवळत होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगायला गेलो. सायकलवरून जाताना वाक्यं जुळवली होती: चूक माझी आहे, पट्ट्यात अत्तर राहिलं, गर्भ थांबले. दार चाचीनं उघडलं. पिठाचे हात, चेहऱ्यावर हसू. "कितने हुए बेटा? सोलह?" असं विचारलं तिनं. तिनंच लावलेलं बोट होतं ते. नुसतं 'अत्तर' म्हटलं असतं तरी तिला सगळं कळलं असतं.

माझ्या तोंडून निघालं, "लाइट गेली होती. फार वेळ. दोन्ही थांबले."

लाइट हे तेव्हा असं कारण होतं, की त्यावर कुणी उलट तपासणी करत नसे. चाची "हाय अल्ला" म्हणून दाराच्या चौकटीला टेकली. चाचा घोडीला खरारा करत होते. त्यांचा हात थांबला, मग परत चालू झाला. मी अगदी हलका होऊन परतलो, हे लिहायला आज लाज वाटते.

चार-पाच दिवसांनी त्यांच्या गल्लीत शिरलो तेव्हा 'तंय्, तंय्' असा आवाज येत होता. पिंजणीचा. पुष्कळ वर्षांत त्या गल्लीत तो ऐकू आला नव्हता. आत चाचा तोंडाला फडकं बांधून कापूस पिंजत बसले होते. खोली पांढरी झाली होती. भुवया, पापण्या सगळ्या रुईनं भरलेल्या. मधूनच खोकला यायचा आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते थांबायचे.

"चाचा, हे काय करून राह्यले?" मी ऐन वेळी वऱ्हाडीवर येतो.

"मही रजई कमी पडली ना, डॉक्टर साब. पातळ भरली होती मीनं. मले वाटलं, एवढी खोली, एवढा डब्बा, कायले जाड पाह्यजे? मह्याच हातानं बेटीचे दोन पिल्लं थंडे पडले." त्यांनी पिंजणीवर परत हात टाकला. "आता अशी भरतो, का दोन दिवस लाइट नाही आली तरी हरकत नाही."

चाची कोपऱ्यातून म्हणाली, "तीन रोज से बैठे हैं. खाँसी है, सुनते नहीं."

त्या खोलीत मला शिंक यायला हवी होती, आली नाही.

मी खाली बसलो. रुईतच बसलो. म्हणालो, "चाचा, थांबा. रजई पातळ नव्हती. लाइट गेली तेव्हा काटा हललासुद्धा नाही. मी खोटं बोललो." मग पट्ट्याचं सांगितलं. पाटीचं सांगितलं. त्या संध्याकाळी ताटली बाहेर काढायची गरज नव्हती, हेही सांगितलं. सांगताना 'चाचीनं लावलं' हे शब्द टाळत होतो. 'अत्तर लागलं होतं' म्हणत होतो, जणू पावसात भिजावं तसं ते आपोआप लागलं होतं. चाची काही वेडी नव्हती. ती उठली आणि आत गेली.

चाचांनी फडकं सोडलं. मग विचारलं, "म्हंजे रजईचा कसूर नाही?"

"नाही."

"काटा हलला नाही?"

"नाही चाचा."

"हम्म." त्यांनी पापण्यांवरची रुई पुसली. "मंग हे तीन दिवस मले कायले पिंजाले लावलं बे, लेका?"

तोवर मी 'डॉक्टर साब' होतो. त्या क्षणी 'लेका' झालो. शिव्या खाऊन इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. पण आतून चाची बाहेर आली नाही. मी दाराशी जाऊन म्हणालो, "चाची, नियम मला माहीत होता. तुम्हाला नाही. पाटी मी लिहिली होती." आतून नुसता कडी वाजल्याचा आवाज आला. कपाटाची होती. कुपी आत गेली, हे मला चाचांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "पाटी तूच लिहिली होतीस ना?" मग त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. वाकूनच म्हणाल्या, "अत्तरानंच झालं असं मी सांगू शकत नाही. नाही झालं असंही नाही. घड्याळ घरी ठेवत जा." आणि मग, "आणखी एकदाच. तिच्या बीजकोशात आता फार काही दिसत नाही."

दुसऱ्या खेपेला चार बीजं मिळाली. घोडी पहिल्यासारखीच उभी राहिली. एक पिकलं, एकात मॅडमनी नवरदेव उतरवला, एकच गर्भ फुटला.

मी चाचांकडे जायचं टाळत होतो. पण पोटभर बातमी घेऊन घरी बसणं मला जमत नाही. गेलो. चहा घेतला, निघालो, तशी चाची आतून तांब्या घेऊन आली. मी पायरीवर उभा. ती म्हणाली, "हाथ." मी पुढे केले. तिनं कोपरापर्यंत पाणी ओतलं, बिनवासाच्या साबणाची वडी चोळली, परत पाणी ओतलं. मग माझं मनगट उचलून नाकाशी नेलं, लहान पोराचं तोंड धुतलं की नाही ते आई बघते तसं. "अब जा," म्हणाली. त्या दिवसापासून मी निघालो की तांब्या यायचा. कधी कधी मी नुसताच गल्लीतून सायकलनं गेलो तरी ती हात धुवायला लावायची.

आठव्या दिवशी ताटली काढली आणि माझं अवसान गळलं. गायीचा गर्भ या वयात कसा गोल, पारदर्शक, आत पोकळी असलेला दिसतो. हा नुसता काळपट गोळा होता. मी मॅडमना म्हणालो, "गेला. टाकून देऊ?"

मॅडमनी मला बाजूला सारून बघितलं. "तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"गाय विसरायची."

"विसरलास?"

"नाही."

"दिसतंय ते. घोड्याचा असाच दिसतो, काळा आणि कुरूप. जिवंत आहे हा." म्हशीच्या वेळी जिवंत गर्भ मला दिसला नव्हता, आणि आता तर दिसत असून मी तो फेकायला निघालो होतो. रेडकाच्या मालकाला हे कळलं नाही, हीच देवाची कृपा.

गर्भ लाल घोडीच्या पोटात ठेवला. काही दिवसांनी सोनोग्राफीला चाचा-चाची दोघं शेडवर आले. चाचीनं दारातली पाटी चाचांकडून वाचून घेतली, ओढणीचा वास घेतला, मगच आत आली. पडद्यावर करड्या रंगात एक काळं, गोल टिपूस उमटलं.

"एवढंसं?" चाचा म्हणाले. "हे उभं राहीन?"

"अजून पाय यायचेत चाचा."

चाची पडद्याजवळ गेली. बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. मग हळू विचारलं, "इंसान का भी ऐसाच दिखता है, बेटा?"

"हो चाची. असंच."

"अच्छा," ती म्हणाली. आणि यंत्र बंद करायची वेळ झाली तरी तिथून हलली नाही. मॅडमनी यंत्र तसंच चालू ठेवलं.

पांढरी घोडी श्रावणात गेली. सकाळी दाणा खाल्ला, दुपारी भिंतीशी बसली आणि परत उठली नाही. चाचा म्हणाले, "आखरीले बसली. पह्यल्यांदा." मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो. त्या हंगामात चाचांकडे वरातीला द्यायला घोडी नव्हती. वरातीही कमीच निघाल्या. निघाल्या त्या मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, फोटोपुरत्या.

लाल घोडी फाल्गुनाच्या सुरुवातीला व्याली. शिंगी, म्हणजे मादी पिल्लू, झाली. करड्या अंगाची, चाचा म्हणाले, पांढरी अशीच असते लहानपणी. चाची कुपी घेऊन आली होती, कितीतरी महिन्यांनी कपाटातून काढलेली. मी मान हलवली. "आत्ता नको. आई पिल्लाला वासानंच ओळखते. आधी तिची ओळख पक्की होऊ दे." चाचीनं कुपी ओढणीच्या टोकाला बांधली. दुसऱ्या दिवशी आली, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी तसंच. चाचा म्हणायचे, "अवो, तो डॉक्टर हाये की पंडित? मुहूर्त काढून राह्यला."

आठवा दिवस होता. शेजारी जिनिंग चालू होतं. पिल्लू लाल घोडीच्या पोटाखाली शिरत होतं, बाहेर येत होतं, आणि ती त्याला चाटत होती.

"आता लावू का?" चाचीनं विचारलं. तिनं माझ्याशी मराठीत बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

मी मनगट पुढे केलं. घड्याळ आधीच काढून ठेवलं होतं. चाचीनं कुपी उघडली, एक बोट माझ्या मनगटावर ओढलं, मग वाकून एक बोट पिल्लाच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधोमध ठेवलं.

मी शिंकलो. अशी शिंक, की शेडचे पत्रे वाजले. लाल घोडी बिचकून दोन पावलं मागे सरली, चाचांच्या हातातला दोर सुटला.

पिल्लू फाकलेल्या चार काड्यांसारख्या पायांवर होतं तिथेच उभं होतं. मान पुढे करून माझ्या मनगटाचा वास घेत होतं.

चाचांनी दोर उचलला नाही. चाचीच्या खांद्यावर हात ठेवून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ते म्हणाले, "उभी हाये."